देवयानीचा डावा हात

हृषीकेश सरांना तंबाखू नव्हती, दारू नव्हती, चहासुद्धा ते अर्ध्या कपावर थांबवत. व्यसन एकच होतं, लोकांनी चांगलं म्हणावं याचं. आणि हे व्यसन असं आहे, की त्यात व्यसनी माणूस झिजत नाही, त्याच्या घरचे झिजतात.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये सर वुशू शिकवायचे. वुशू म्हणजे चिन्यांची जुनी युद्धकला. तिचा एक भाग नुसत्या पवित्र्यांचा, बघायला देखणा. दुसरा भाग खऱ्याखुऱ्या मारामारीचा, त्याला सांदा म्हणतात. सांद्यात ठोसा चालतो, लाथ चालते, समोरच्याचा पाय धरून त्याला आपटलेलंही चालतं. सर दिवसा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि सकाळ-संध्याकाळ सर होते. लग्नसराईत हॉल मिळायचा नाही, मग मॅट गच्चीवर जायच्या, आणि मे महिन्यात सकाळी आठालाच त्या मॅट तळपायांना चटके द्यायच्या. पोरं हूं की चूं करायची नाहीत.

सरांच्या क्लासात सरावाच्या लढतीचा एक नियम होता. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. मध्येच कुणाला झेपेनासं झालं, तर त्यानं उजवी मूठ डाव्या पंज्याला लावून छातीसमोर धरायची. हा खरा चिनी नमस्कार, लढतीच्या आधी एकमेकांना करायचा. पण सरांच्या क्लासात तो लढतीच्या मध्ये केला की हार कबूल. पोरं त्याला 'मूठ-पंजा देणं' म्हणत. सर स्वतःहून लढत थांबवत नसत. "मी थांबवलं तर उद्या म्हणाल, सरांमुळं हरलो," असं ते म्हणायचे. शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, पण ती वाजायची फक्त वेळ संपल्यावर.

देवयानी त्यांची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची, बारावीत गेलेली, आणि आठव्या वर्षापासून याच मॅटवर वाढलेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. सरांनी ती उलटी करून घरात टांगली होती. क्लासच्या फोटोत देवयानी कायम टोकाला, निम्मी कापलेली. कुणी उशिरा आलं तर दहा जोर, देवयानी आली तर वीस. मागच्या वर्षी नवीन हेडगार्ड आले, डोक्याला घालायचे ते जाड टोप, तेव्हा सगळ्यांना नवीन मिळाले आणि जुन्यातला जुना, कानापाशी फोम झिजलेला, देवयानीच्या डोक्यावर बसला. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिला वाटायचं, बाबा आपल्याला कडक करतायत. बिचारीला काय माहीत, बाबा स्वतःला स्वच्छ करत होते आणि ती फडकं होती.

तिची उजवी लाथ मात्र बघण्यासारखी होती. कंबरेतून फिरून अशी यायची, की समोरचा हात वर करेपर्यंत ती बसलेली असायची. जूनमध्ये राज्य स्पर्धा होती. देवयानीच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. तिथं पदक मिळालं असतं, तर खेळाडूंच्या जागेतून पुण्याच्या कॉलेजात प्रवेश, पुढं पोलीस भरतीत सवलत. अख्खं वर्ष ती त्या एका स्पर्धेवर जगत होती. अडचण एकच होती. प्रत्येक वजनगटात क्लासमधून एकच नाव पाठवायचं होतं, आणि बावन्न किलोत दोघी होत्या.

दुसरी वैष्णवी. कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची पोरगी, अंगानं दणकट, तीन वर्षांत बरंच शिकलेली. तिचे वडील रावजी मार्केट यार्डात एका अडत दुकानात कामाला होते आणि मुलीसाठीच सोलापुरात खोली घेऊन राहत होते. एप्रिलच्या एका रविवारी, सगळे पालक जमलेले असताना, रावजी उभे राहिले.

"सर, तुमी शिकवता लई चांगलं, त्यात वाद न्हाय," ते म्हणाले. "पर पोरगी तुमची, शिट्टीबी तुमचीच. मग आमच्या पोरीनं न्याय कुटं मागायचा? तुमीच सांगा की."

दोन-चार पालक हसले. एकानं मान हलवली. बस, तेवढंच झालं. दुसऱ्या कुणी ते घरी जाईपर्यंत विसरूनही गेलं असतं. सरांना मात्र ते वाक्य घशात काटा अडकावा तसं अडकलं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोघींची लढत. सगळ्यांसमोर. जिंकेल ती जाईल."

रावजी म्हणाले, "हे बेस झालं."

आता खरी गोष्ट अशी, की देवयानी जिंकणार हे क्लासमधल्या लहानातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं. दुसरा बाप असता तर रात्री निवांत झोपला असता. सरांची झोप त्यामुळेच उडाली. ती जिंकली की रावजी काय म्हणणार, ते सरांना आत्तापासूनच ऐकू यायला लागलं. म्हणणार, मुलीला घरात चोरून शिकवलं. म्हणणार, गुण देणारेही यांचेच. पोरीचं पदक गेलं तरी चालेल, पण हे बोलणं कानावर पडायला नको, इतकं त्यांचं ठरलं. मनातल्या मनात ठरलं, म्हणून त्याला त्यांनी नावही चांगलं दिलं. निष्पक्षपणा.

देवयानीच्या खेळात एक चूक होती. उजवी लाथ मारून पाय खाली येताना तिचा डावा हात कंबरेपर्यंत पडायचा. क्षणभरच, पण तेवढा वेळ डावा गाल आणि कान उघडा राहायचा. सरांनी ही चूक फेब्रुवारीतच हेरली होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्याच दिवशी त्याच्या डाव्या हाताला दोरी बांधून शंभर लाथा मारायला लावल्या असत्या. देवयानीला ते बोलले नाहीत. घरच्या पोरीला वेगळं काही सांगितलं तर ती वशिल्याची शिकवणी होईल, असं त्यांना वाटलं. चार महिने ते रोज तो हात पडताना बघत राहिले आणि रोज गप्प राहिले.

लढतीच्या आधीच्या शुक्रवारी देवयानीची बारावीची शिकवणी होती. त्या संध्याकाळी सरांनी वैष्णवीला थांबवून घेतलं. गच्चीवर दोघंच. सरांनी हातात पॅड चढवले, हेडगार्ड घातला आणि म्हणाले, "मी आता देवयानी. नीट बघ."

त्यांनी उजवी लाथ मारली. पाय खाली आला, आणि डावा हात कंबरेपर्यंत पडला. हुबेहूब. नऊ वर्षं त्यांनी ती लाथ बघितली होती, तिचा खांदा कसा कलतो, हनुवटी कशी वर येते, सगळं त्यांच्या अंगात होतं.

"दिसलं?"

"व्हय सर. डावा हात."

"पाय टेकायच्या आत शिरायचं. उजवा हुक. इथं." सरांनी बाजूनं वळवून आणायचा तो ठोसा हवेत दाखवला आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवलं. "मार."

वैष्णवीनं भीत भीत मारला. सर म्हणाले, "जोरात. मी तुझा सर नाही आत्ता." मग तिनं जोरात मारला. चाळीस वेळा सर देवयानी झाले आणि चाळीस वेळा त्यांनी स्वतःच्या मुलीला मार खायला लावला. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. लोक उगाच अर्थ काढतात." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान कळत तरी नसतं.

शनिवारी सकाळी देवयानी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. ती कधी असं विचारायची नाही, त्या दिवशी विचारलं.

"बाबा, माझं काही चुकतंय का? लाथ मारताना मला काहीतरी उघडं उघडं वाटतं. तुम्ही बघता ना रोज."

सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "काही चुकत नाही. आहे तशीच खेळ."

ती खूश झाली. बाबांनी कौतुक केल्यासारखंच होतं ते. तिच्या आईनं, लीलानं, स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तीही खूश झाली, कारण नवऱ्याच्या तोंडून मुलीला इतका बरा शब्द वर्षा-सहा महिन्यांत एखादाच निघायचा.

रविवारी गच्ची भरली होती. पालक कठड्याला टेकून उभे, पोरं मॅटच्या कडेनं बसलेली. रावजी सगळ्यात पुढं, धोतर सावरत. घरी पाहुणे होते म्हणून लीला आली नव्हती. दोघी मुलींनी एकमेकींना मूठ-पंजा केला आणि सरांनी शिट्टी वाजवली.

पहिली फेरी देवयानीची. वैष्णवीला तिनं दोनदा पाय धरून पाडलं, लाथा तर मोजायच्याच सोडल्या होत्या सगळ्यांनी. रावजींचं तोंड उतरलं. फेरी संपता संपता मात्र देवयानीनं उजवी लाथ मारली, पाय खाली येतोय तोच वैष्णवी आत शिरली, आणि हुक कानावर बसला. आवाज कठड्यापर्यंत आला. देवयानी एक पाऊल सरकली, डोळे मिचकावले आणि पुन्हा उभी राहिली.

दुसऱ्या फेरीत तसंच तीनदा झालं. लाथ, हात खाली, हुक. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. रावजी कानडीतून ओरडायला लागले, "होडी! होडी!" म्हणजे मार, मार. देवयानी पुन्हा पुन्हा तीच लाथ मारत होती. तिच्याकडं दुसरी शस्त्रं नव्हती असं नाही. पण बाबा म्हणाले होते, काही चुकत नाही. मग आत्ता लागेल, पुढची लागेल, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या फेरीत ती उभी राहिली ती तोंड भलतीकडं करून. वैष्णवी समोर होती आणि देवयानी कठड्याकडं बघत होती. तिचा तोल जात होता. जुन्या हेडगार्डच्या पट्ट्याखालून रक्ताची बारीक धार मानेवर आली. वैष्णवी थांबली. तिनं हात खाली घेतले आणि सरांकडं बघितलं.

"सर?"

चाळीस सेकंद राहिले होते. सरांच्या ओठांत शिट्टी होती. त्यांना फक्त फुंकायचं होतं. त्यांनी रावजींकडं बघितलं. रावजी मॅटकडं नाही, सरांच्या तोंडाकडंच बघत होते, शिट्टी वाजते का ते. सरांनी शिट्टी ओठांतून काढली.

"तिनं मूठ-पंजा दिला का?" ते म्हणाले. "चालू ठेव."

वैष्णवीनं चालू ठेवलं. सरांचं ऐकायचं, एवढंच तिला तीन वर्षं शिकवलं होतं. शेवटचा हुक बसला तेव्हा देवयानी गुडघ्यावर आली, मग कुशीवर, आणि तापलेल्या मॅटला गाल लावून पडून राहिली. तेव्हाही सरांनी घड्याळाकडं बघितलं, उरलेले अकरा सेकंद जाऊ दिले आणि मग शिट्टी वाजवली.

टाळ्या पडल्या. रावजी पुढं आले आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "चुकलो सर. मी तुमच्यावर संशय घेतला. तुमच्यासारखा माणूस न्हाय." सरांचा ऊर भरून आला. पोर तोवर मॅटवरच होती, दोन मुली तिचा हेडगार्ड सोडवत होत्या.

कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतपर्यंत इजा आहे, डाव्या कानानं पूर्ण ऐकू येईल असं धरून चालू नका, आणि हा खेळ आता बंद. लीलानं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला एकच विचारलं, "तुमच्या गळ्यातली शिट्टी काय शोभेला होती?" सर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो." त्यावर ती त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

देवयानी बोलत होती, हेच सरांना जड गेलं. खाटेवर उशीला टेकून तिनं विचारलं, "बाबा, नक्की कुठं चुकलं माझं? तिला दर वेळी कसं सापडत होतं?"

सांगायची ही वेळ होती. ती रागावली असती, रडली असती, पण सांगायची वेळ हीच होती. सर म्हणाले, "नशीब म्हणायचं, दुसरं काय."

वैष्णवी राज्य स्पर्धेला गेली आणि तिसरी आली. क्लासचं नाव पेपरात छापून आलं. त्याच आठवड्यात अकलूजहून एक जण आपल्या दोन्ही मुली घेऊन आला, त्यांना मामाकडं ठेवून इथं घालायचं म्हणाला. त्याच्या कानावर गेलं होतं, इथले सर स्वतःच्या मुलीलाही सोडत नाहीत.

परत आल्यावर वैष्णवी पेढे घेऊन सरांच्या घरी गेली. सर कॉलेजात होते. देवयानीनं दार उघडलं. वैष्णवीनं तिच्या हातात पदक दिलं, स्वतः खाली बसली आणि रडायला लागली.

"मला झोप न्हाय गं लागत," ती म्हणाली. "सरांनी शिकवलं तसं मारलं मी. शुक्रवारी, तू शिकवणीला गेलतीस तवा. तुझा डावा हात पडतो, फेब्रुवारीपासनं बघतोय, तिथं मार म्हणाले. ते तुझ्यासारखे उभे राहिले आणि मी चाळीस वेळा मारलं. मला वाटलं त्यांनी तुलाबी सांगितलं असंल. आपल्या पोरीला सांगितल्याबिगर कोण ऱ्हाईल?"

देवयानीनं ते उजव्या कानानं ऐकलं आणि नीट कळावं म्हणून पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग वैष्णवीला पाणी दिलं, पेढा खाल्ला, पदक तिच्या गळ्यात परत घातलं. सर घरी आले तेव्हा ती काहीच बोलली नाही. आईलाही बोलली नाही. तिला वाटलं, हे घरात सांगितलं तर घरातच राहील. आपलं वर्ष चारचौघांत गेलं, तर हेही चारचौघांतच सांगायचं. लोक ऐकतील. लोकांना तरी वाईट वाटेल. लोकांना वाईट वाटलं की मग बाबांनाही वाटेल, दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं त्यांना काही वाटत नाही.

गुरुपौर्णिमेला पालकांनी सरांचा सत्कार ठेवला. त्याच मंगल कार्यालयात, पण आता खालच्या मोठ्या हॉलमध्ये, स्टेज, माईक, झेंडूच्या माळा. रावजी शाल आणि नारळ घेऊन सकाळपासून पुढच्या रांगेत. लीलाही आली होती. दोन भाषणं झाली, त्यात गुरू, त्याग आणि शिस्त हे शब्द पुष्कळ वेळा आले. मग कुणीतरी म्हणालं, "देवयानीनं दोन शब्द बोलावेत." सगळ्यांना ते फार गोड वाटलं. ती स्टेजवर गेली. सरांनी तिच्याकडं बघून मान डोलावली.

तिनं कागद वगैरे काढला नाही. सरळ बोलली.

"लाथ मारल्यावर माझा डावा हात खाली पडायचा. बाबांना ते फेब्रुवारीपासून माहीत होतं. त्यांनी मला सांगितलं नाही. लढतीच्या आदल्या दिवशी मी स्वतः विचारलं, माझं काही चुकतंय का. ते म्हणाले, काही चुकत नाही. आणि त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वैष्णवीला बोलावून, माझ्यासारखं उभं राहून, माझ्या कानावर कसं मारायचं ते शिकवलं. चाळीस वेळा. मला आता त्या कानानं ऐकू येत नाही. मला पुन्हा खेळता येणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

लीला उभी राहिली, तिचा हात तोंडावर गेला होता. सरांना वाटलं, झालं, आता संपलं, आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणात त्यांना जरा हलकंही वाटलं.

पुढच्या रांगेतून रावजी उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गर्कन वळले आणि लोकांना म्हणाले, "ऐकलं का? ऐकलं का समद्यांनी? आपल्या पोटच्या पोरीचं उणं दुसऱ्याच्या पोरीला दाखवून दिलं ह्या मानसानं! का, तर म्हणं समदे शिष्य सारखे! अवो, ह्याला म्हणत्यात गुरू!"

आधी एक टाळी पडली. मग शेजारच्यांची. मग सगळा हॉल उठून उभा राहिला. अकलूजचा तो माणूस दोन्ही मुलींना हातांनी धरून टाळ्या वाजवायला लावत होता. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "बघा, पोरीनं स्वतः सांगितलं हो, केवढं मन!" मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

देवयानी माईक धरून उभी होती. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, "नाही, तसं नाही," असं काहीतरी, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं बापाकडं बघितलं. आता एकच माणूस सांगू शकत होता की हे कौतुकाचं नाही, आणि तो तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. लीला खालून ओरडली, "अहो, बोला की! बोला काहीतरी!" तेही बुडालं.

सर रावजींकडं बघत होते. रावजी शाल उलगडत पायऱ्या चढून आले. ते बुटके होते, त्यांचे हात पुरत नव्हते. सरांनी मान जरा खाली केली, म्हणजे शाल नीट घालता यावी.